22 हजारांची दुरुस्ती की नव्या मोटारीचा हप्ता?

पवनी तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. यजमान गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात मासेमारी करतात, या स्वतः बाजारात मासळी विकतात. मागच्या उन्हाळ्यात 38,000 रुपयांना जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायची, मोटार घेतली. दोन सिलिंडरची. त्यातले 20,000 बचत गटाचे, महिना दोन टक्क्यांनी. अजून 11,000 फेडायचे आहेत. दिवाळीपासून मोटार थरथरते, धूर ओकते, मध्येच बसते. मिस्त्री म्हणतो, ‘रिंग-पिस्टन गेलं, 22,000 लागतील.’ विक्रेता म्हणतो, ‘जुनं सोडा, 1,40,000 ची नवी फोर-स्ट्रोक न्या, 40,000 रोख, बाकी लाखावर फक्त 12 टक्के, तीन वर्षं.’ पतसंस्थेत 30,000 ची ठेव आहे, ती मोडावी का, असाही प्रश्न आहे.

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: ‘नळीवरचा रबरी फुगा दाबला की दोन-चार मिनिटं नीट चालते.’ मोटारी हा माझा प्रांत नाही, म्हणून बोटींची इंजिनं खोलणाऱ्या एका ओळखीच्या मिस्त्रीला पत्र वाचून दाखवलं. या वाक्यावर त्याने मला थांबवलं. फुगा दाबल्यावर मोटार सुधारत असेल, तर तिला पेट्रोल पुरत नाही. नळी कुठेतरी हवा ओढत असेल, फिल्टर तुंबला असेल, नाहीतर पेट्रोल पंपाचा पातळ पडदा कडक झाला असेल. झिजलेलं पिस्टन फुगा दाबून बरं होत नाही. तुमच्या मिस्त्रीने काँप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, न मोजताच 22,000 सांगितले असतील, तर तो आकडा अजून अंदाजच आहे.

म्हणून आधी तपासणी. टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून तासभर स्थिर ठेवा. आताच्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओलावा धरतं. पावसाळाभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलात पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसू शकतो, बाटलीत तो वेगळा दिसतो. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलातूनच मिळतं, त्यामुळे हा थर आत गेला तर मोटार बंद पडते आणि वर कोरडीही घासते. तसं दिसलं तर टाकी रिकामी करून धुवा, ताजं पेट्रोल भरा. ऑइल बोटीच्या मोटारीचंच हवं, डब्यावर टीसी-डब्ल्यू-3 लिहिलेलं. जुन्या स्कूटरचं टू-टी ऑइल नको, त्याची राख प्लगवर बसते. बऱ्याच मोटारींना 50 ला 1 चं मिश्रण चालतं, म्हणजे लिटरला 20 मिली. पण जुन्या मॉडेलला जास्त लागतं, तेव्हा मोटारीवरची पट्टी वाचल्याशिवाय ओतू नका. ‘थोडं जास्त घातलेलं बरं’ म्हणून हाताच्या अंदाजाने ओतायची सवय आपल्याकडे फार, आणि तुमचा धूर त्यातलाही असू शकतो.

दोन्ही प्लग नवे टाका, नळी आणि फिल्टर बदला, कार्बोरेटर खोलून जेट साफ करून घ्या. मग मोटार पाण्यात संथ चालू ठेवून मिस्त्रीला एकेका प्लगची टोपी काढायला सांगा. जी काढल्यावर आवाजात फरकच पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. काढलेली टोपी मात्र लोंबकळत ठेवायची नाही, वायर इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवून ‘अर्थ’ करायची. नाहीतर इग्निशनचा डबा जळू शकतो आणि खर्च तिसरीकडेच निघतो. शेवटी काँप्रेशन. याचं गेज मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये मिळतं. दोन्ही प्लग काढून, वायरी अर्थ करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून दोरी पाच-सहा वेळा ओढायची. दोन्ही सिलिंडरचे आकडे फार कमी नसले आणि एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांत असले तर पिस्टनला हात लावू देऊ नका. ते आकडे कागदावर लिहून घ्या. या सगळ्याला मी 4,000 ची मर्यादा घालेन.

आता विक्रेत्याचा ‘फक्त 12 टक्के’. हे फ्लॅट व्याज आहे. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, पण व्याज तिन्ही वर्षं पूर्ण लाखावरच लागतं. 36,000 व्याज धरून हप्ता 3,778 होतो. बँक ज्या पद्धतीने, म्हणजे घटत्या शिलकीवर, व्याज मोजते तसं पाहिलं तर हा दर 21 टक्क्यांच्या आसपास जातो.

तुमचेच आकडे घेऊ. मोटारीमुळे रोज 350 रुपयांची मासळी जास्त मिळते, पेट्रोल-ऑइल 180. उरले 170. महिन्याला 22 दिवस, पावसाळ्याचे तीन महिने सोडून नऊ महिने: वर्षाला 33,660. नवी मोटार कमी पेट्रोल पिते. एक तृतीयांश वाचलं असं धरलं तरी रोज 230 उरतील, वर्षाला 45,540. हप्ते मात्र बारा महिने, वर्षाचे 45,336. हातात राहिले 204 रुपये! आणि ते आधी 40,000 रोख भरून. जलपर्णीत पंखा अडकून आठवडा गेला तर तेही नाहीत. हा सौदा मी तुमच्यासाठी साफ नाकारतो.

जुनी मोटार नीट चालली तर तिचंही पेट्रोल घटेल, कारण बंद सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच पाण्यात जातं. रोज 40 रुपये वाचले तरी महिन्याला 4,620 उरतात. तपासणीचे 4,000 महिनाभरात वसूल.

आणि काँप्रेशन खरंच पडलेलं निघालं तर? तरीही 22,000 हा वेडेपणा नाही, पाच महिन्यांत भरून येतो. फक्त तुमच्या मॉडेलचे पिस्टन, रिंग आणि बेअरिंग हातात आल्याशिवाय इंजिन खोलायचं नाही. जुन्या मोटारी सुट्या भागांची वाट पाहत पोत्यात पडून राहतात. सहा महिन्यांची जबाबदारी मिस्त्रीने बिलावर लिहून द्यावी. पैसे त्या ठेवीतून काढा. ठेव मोडल्यावर बुडेल ते सात-आठ टक्के व्याज आणि वर थोडा दंड, तुमच्यासमोरची कर्जं 21 आणि 24 टक्क्यांची आहेत. भाग मिळतच नसतील तर मोटार आहे त्या स्थितीत विका आणि एक हंगाम वल्ह्यावर काढा. 38,000 गेले म्हणून आणखी 22,000 घालायला हवेत, असा हिशेब करू नका.

मोटार रुळावर आली की पहिले पैसे बचत गटाला. नव्या मोटारीचा विचार त्यानंतर, आणि तोही आधी भंडाऱ्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 60 टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलेलं होतं, इतरांना 40. अर्ज तुमच्या नावाने करता येईल का, योजना आणि तिचे कोणते घटक सध्या सुरू आहेत आणि त्यात मोटार बसते का, हे तिथेच विचारा. मंजुरीचं पत्र येण्याआधी काही विकत घेऊ नका. जाळी, बर्फ, पेट्रोल यांच्या खेळत्या भांडवलासाठी मच्छीमारांनाही किसान क्रेडिट कार्ड मिळतं. दोन लाखांपर्यंत वेळेवर फेडलं तर व्याज चार टक्के पडतं. मच्छीमार सोसायटीच्या सभासदत्वाचा कागद सोबत न्या.

विक्रेत्याची ऑफर महिनाअखेर संपतेय म्हणता, तर संपू द्या. या आठवड्यात फक्त बाटलीतलं पेट्रोल बघा आणि काँप्रेशनचे दोन आकडे मला कळवा.