छोट्या रुग्णालयाच्या इमारतीला बीआयएम परवडतं का?

तुम्ही विचारलंय की सात मजली रुग्णालयासाठी आर्किटेक्ट बीआयएमचे (म्हणजे इमारतीचं सगळ्या माहितीसकट कॉम्प्युटरवर आधीच उभं केलेलं थ्रीडी मॉडेल) वेगळे पैसे मागतोय आणि भागीदारांना तो थ्रीडी चित्रांचा खर्च वाटतोय, तर काय करावं? सतरा वर्षं मी सर्व्हिसेसच्या (एसी, पाणी, ड्रेनेज, वीज) कोऑर्डिनेशनचंच काम करतोय. माझं स्पष्ट मत: पैसे द्या.

अशाच एका रुग्णालयाच्या साइटवर मी होतो. ओपीडीच्या कॉरिडॉरमध्ये बीमच्या खाली फॉल्स सीलिंगपर्यंत 450 मिमी जागा होती. एसीचा डक्ट 300 चा, वर-खाली 25-25 इन्सुलेशन, म्हणजे 350 तिथेच संपले. त्याला आडवी जाणारी वरच्या टॉयलेटची 110 ची ड्रेनेज लाइन. झाले 460, आणि त्यात उतार धरलेलाच नाही! स्प्रिंकलरचा पाइप वळवता येतो, केबल ट्रे सरकवता येतो. ड्रेनेजचं पाणी मात्र उतारानेच जाणार. प्रत्येक कन्सल्टंटचं ड्रॉइंग आपापल्या जागी बरोबर होतं, पण ती एकावर एक कुणी ठेवूनच पाहिली नव्हती. बीममध्ये कोअर कटिंगला, म्हणजे मशीनने भोक पाडायला, स्ट्रक्चरल इंजिनिअरने नकार दिला, आणि तो योग्यच होता. शेवटी सीलिंग खाली आलं, ते थेट दरवाजाच्या चौकटीला टेकलं.

मॉडेलमध्ये हे स्लॅब पडायच्या कितीतरी आधी दिसलं असतं. सगळ्यांची मॉडेल्स नेव्हिसवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र आणून क्लॅश टेस्ट चालवली की कुठला पाइप कुठे अडतोय याची यादीच मिळते. व्हॉल्व्ह फिरवायला हात जाईल का, हेही बघता येतं. मेडिकल गॅसच्या लाइनसाठी ते फार महत्त्वाचं. पहिल्या यादीत शेकडो क्लॅश निघाले तरी घाबरू नका, एक डक्ट हलवला की त्यातले कितीतरी एकदम सुटतात. त्यातून बीममध्ये स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी काँक्रीटमध्ये आधीच ठेवलेल्या नळ्या) कुठे सोडायच्या याचं ड्रॉइंग शटरिंगच्या आधी हातात येतं. माझ्या लेखी तुमचे पैसे वसूल होतात ते या एका ड्रॉइंगमुळे.

मॉडेलला वेळापत्रक जोडलं की फोरडी, खर्च जोडला की फाइव्हडी. नागपूर मेट्रोने फाइव्हडी वापरलं, पण तुमच्या कामाला तेवढं नको. काँक्रीट, ब्लॉकवर्क, पाइपिंगची क्वांटिटी मात्र मॉडेलमधून जरूर काढून घ्या, काँट्रॅक्टरची बिलं तपासताना कामी येते. फक्त जे मॉडेल केलंच नाही ते क्वांटिटीतही येत नाही, हे लक्षात ठेवा. सळईचं बीबीएस (कुठली सळई किती लांबीची, कशी वाकवायची याचा तक्ता) बहुतेक वेळा वेगळंच करावं लागतं.

आर्किटेक्टच्या करारात दोन गोष्टी लिहून घ्या. क्लॅश सोडवून सर्व कन्सल्टंटच्या सह्या झालेलं स्लीव्ह ड्रॉइंग मिळाल्याशिवाय कुठलाही स्लॅब ओतायचा नाही. आणि शेवटी साइटवर जसं झालं तसं दुरुस्त केलेलं मॉडेल तुमच्या ताब्यात द्यायचं. नाहीतर काम संपल्यावर नुसतं दाखवण्यापुरतं काढलेलं मॉडेल गळ्यात मारतात, असं मी अनेकदा पाहिलंय.

फुटिंग (पायाचं काम) सुरू झालंय का, ते कळवा. झालं असेल तर निदान तळमजल्याच्या छताआधी एसी आणि ड्रेनेजचं मॉडेल पूर्ण करून घ्या, बाकीचं मागून चालेल.