वय ६३, .३२ रिव्हॉल्व्हर झाडलं की मनगट ठणकतं. हलकं घेऊ का?

नको, हलक्याने धक्का वाढेल. गोळी तीच राहिली आणि हत्यार हलकं झालं, की ते मागे जास्त वेगाने येतं. म्हणूनच टायटॅनियमचं, अर्ध्या किलोच्या आसपासचं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर खिशाला बरं, पण सरावाला जुनं जड रिव्हॉल्व्हर सुसह्य. खरा आराम हवा तर सराव .२२ वर, म्हणजे बारीक नळीच्या हत्यारावर करा: त्याची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, .३२ ची सहाच्या वर. रेंजवर ज्येष्ठांना शिकवताना मी आधी हत्याराची मूठ बघतो. मूठ बारीक असली की सगळा मार अंगठ्याच्या बुडाशी बसतो. जाड रबरी मूठ लावा, दोन्ही हातांनी धरा आणि पन्नासऐवजी वीसच फैरी झाडा. बऱ्याचदा दुखणं धक्क्याचं नसतंच, ट्रिगर ओढण्याचं असतं. हॅमर (मागचा घोडा) आधी मागे ओढून बघा, ट्रिगर किती हलका लागतो ते कळेल.

मात्र जड हत्याराने खांदा लवकर भरून येतो. खांदाही कुरकुरत असेल तर सरळ १० मीटर एअर पिस्तूल, धक्का जवळजवळ शून्य. बोटांना मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टर. आणि हो, .२२ विकत घ्यायचं तर परवान्यावर नोंद लागेल.