माणसाच्या धार्मिक श्रद्धा घरच्या संस्कारांवर किती अवलंबून असतात? मुलांना धर्म शिकवावा की मोठेपणी त्यांचं त्यांना ठरवू द्यावं?

माझ्या मते खूपच अवलंबून असतात, पण आईवडिलांनी सांगितलं म्हणून मुलांनी मानलं इतकं सरळ नाही ते. सांगितलेलं बरंचसं विसरायला होतं, घरात रोज जे चालतं ते मात्र अंगात मुरतं.

आमचं घर वारकरी. आजोबा माळकरी, संध्याकाळी हरिपाठ, एकादशीला अख्ख्या घराचा उपवास, मटण-मच्छी उंबऱ्याच्या आत नाही. विठ्ठल कोण, त्याला का मानायचं हे आम्हाला कुणी कधी समजावलं नाही. आज मी वारीला जाते आणि माझा सख्खा भाऊ देव अजिबात मानत नाही, ताटही एकच आणि हरिपाठही एकच असून, पण मटण त्याला आजही खाववत नाही आणि का ते विचारलं तर त्याला सांगता येत नाही. विश्वास गेला तरी सवय राहते ती अशी.

बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वडील रामजी सकपाळ कबीरपंथी, घरात भजनं, मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घ्यायचे. बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय की हे ग्रंथ का वाचायचे असं त्यांनी विचारलं तेव्हा वडिलांनी आधी दटावलं, पुन्हा विचारल्यावर मात्र उत्तर दिलं, आणि त्यातली पात्रंच आवडत नाहीत असं बाबासाहेबांनी सांगितल्यावर वडील गप्प राहिले. पुढे परीक्षा पास झाल्यावर केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र हातात दिलं, आणि कित्येक वर्षांच्या अभ्यासानंतर १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली. म्हणजे घरचा धर्म सोडला. पण धर्मग्रंथ मन लावून वाचायचा आणि पटलं नाही तर तोंडावर विचारायचं, याची सुरुवात मला तरी त्या घरातच दिसते, आणि कबीर तर बुद्ध आणि फुल्यांच्या जोडीने त्यांचे गुरू म्हणून शेवटपर्यंत राहिलेच.

आणि गंमत बघा, १९५६ ला ज्यांनी दीक्षा घेतली त्यांच्यासाठी तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता, त्यासाठी त्यांनी गावात किती सोसलं असेल. त्यांच्या नातवंडांना त्रिशरण-पंचशील लहानपणापासून पाठ असतं, म्हणजे आजोबांनी जे निवडलं ते नातवाला घरातूनच मिळालं. प्रत्येक धर्मात हे असंच होत असणार.

भीती घालणं मात्र मला मनापासून चुकीचं वाटतं. माझ्या एका मैत्रिणीच्या घरी लहानसहान गोष्टीला "देव कोपेल" असायचं. आता ती चाळिशीची आहे, उपवास सोडायची तिची हिंमत होत नाही आणि तो करताना आनंदही नाही, नुसती धास्ती. अशी श्रद्धा सुटतही नाही आणि आपलीशीही वाटत नाही.

काहीजण म्हणतात की काहीच शिकवू नये, मोठेपणी ठरवतील. ठरवू दे की, पण घरात काहीच नसणं हाही एक संस्कारच आहे, मूल तेही शिकतं. आम्ही मुलांना हरिपाठाला हाक मारतो, नाही आली तर ओढून आणत नाही. आणि "असं विचारू नये" हे आजोबांच्या वेळी सर्रास चालायचं, ते आता आमच्या घरात कुणी म्हणत नाही.