लॅपटॉपचा दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. दुकानदार 'मदरबोर्ड गेला' म्हणतो. नवा घ्यावा का?

आपला प्रश्न वाचून मला माझे साडू आठवले, त्यामुळे हे उत्तर थोडे लांबणार आहे. दिवा, पंखा आणि काळा पडदा एवढ्याच लक्षणांवरून मदरबोर्डला, म्हणजे यंत्रातल्या मुख्य सर्किटच्या पाटीला, मयत ठरवणे हा माझ्या मते आळस आहे. मदरबोर्ड हा निदानाचा शेवट असू शकतो, सुरुवात नव्हे.

आमचे प्रकरण 2019 च्या गणपतीतले आहे. देवरुखला पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी धरते, आणि आमचा चार वर्षांचा लॅपटॉप त्या हवेत दीड महिना पिशवीत पडून होता. चतुर्थीच्या दोन दिवस आधी देवस्थानच्या जमाखर्चासाठी तो काढला, तर आपण लिहिली आहेत नेमकी तीच लक्षणे. रत्नागिरीतल्या एका सेवाकेंद्रात नेल्यावर तेथील मुलाने तो वीस मिनिटे आत ठेवला आणि गुलाबी पावतीवर 'एम. बी. डेड, 14,500' असे लिहून दिले. तपासणीचे 500 रुपये वेगळे घेतले. घरी येऊन यंत्र उलटे केले तेव्हा दिसले की एका स्क्रूवरचा कंपनीचा कागदी शिक्का जसाच्या तसा होता. म्हणजे मागचे झाकण उघडलेच गेले नव्हते.

गणपतीसाठी ठाण्याहून आलेले साडू पावती पाहून म्हणाले, "चार वर्षांचा लॅपटॉप म्हणजे पिकलं पान. नवीन घ्या आणि मोकळे व्हा." आमचा हा वाद जुना आहे. मिक्सरचा कपलर झिजला की मिक्सर बदलणाऱ्यांपैकी ते आहेत, आणि कपलर आणून पक्कडीने बसवणाऱ्यांपैकी मी; त्यांच्या मते याला चिकटपणा म्हणतात.

मी आधी अडॅप्टरच्या टोकाला मल्टिमीटर लावला. लेबलवर लिहिल्याप्रमाणे 19.5 व्होल्ट मिळत होते. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तिरका टॉर्च मारून पाहिला. पडद्यामागचा प्रकाशच गेला असता तर पुसट चित्र दिसायला हवे होते, ते दिसले नाही. टीव्हीला जोडूनही काही उमटले नाही. मात्र चार्जिंगचा दिवा दोनदा पिवळा, तीनदा पांढरा लुकलुकून थांबत होता आणि पुन्हा तेच करत होता. या लुकलुकण्याला अर्थ असतो आणि प्रत्येक कंपनीचा तक्ता निराळा असतो. आमच्या यंत्राच्या तक्त्यात त्याचा अर्थ स्वच्छ छापला होता: रॅम, म्हणजे यंत्राची तात्पुरती स्मृती, सापडत नाही. सेवाकेंद्रातल्या मुलासमोरही तो दिवा वीस मिनिटे तसाच लुकलुकत असणार.

पडवीत वर्तमानपत्र अंथरून लॅपटॉप उघडला. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि आखूड जागी लांब स्क्रू पिळला तर तो खाली बोर्डाला टोचतो, म्हणून कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी चिकटपट्टीने डकवला. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. त्यांच्या सोनेरी कडेवर, न घासलेल्या तांब्याच्या तपेलीवर चढते तशी मळकट झाक होती. मुलीच्या कंपासपेटीतल्या पांढऱ्या खोडरबराने ती हलक्या हाताने पुसली, चुरा कोरड्या ब्रशने झटकला आणि एकच पट्टी बसवून बटण दाबले.

पडदा काळाच राहिला. साडू मागे उभे होते, "झालं समाधान?" एवढेच म्हणाले. मी उत्तर देणार तोच यंत्र आपोआप बंद झाले, पुन्हा सुरू झाले आणि कंपनीचे चिन्ह उमटले. रॅममध्ये बदल झाला की काही यंत्रे अशीच रेंगाळतात, एखाददुसऱ्या वेळी स्वतःच बंद होऊन सुरू होतात. तेवढा धीर धरावा लागतो. दुसरी पट्टी बसवली की मात्र पुन्हा अंधार, आणि जागांची अदलाबदल केल्यावर कळले की दोष त्या पट्टीतच आहे. नव्या पट्टीला 1,600 रुपये पडले. साडू म्हणाले, "चालला खरा, पण टिकणार किती दिवस?" तो 2024 पर्यंत चालला, आणि शेवटी मोडली ती बिजागरी.

आता आपल्या लॅपटॉपविषयी. कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो का, हे प्रथम पाहावे; तसे होत असेल तर यंत्र चालू आहे आणि दोष बहुधा पडद्यात किंवा त्याच्या केबलीत आहे. त्यानंतर अडॅप्टर काढून यंत्र सुरू करण्याचे बटण तीस सेकंद दाबून धरावे, मग फक्त अडॅप्टर लावून सुरू करून पाहावे. बरीच यंत्रे एवढ्यावरच उठतात. नाही उठले तर रॅमची एकेक पट्टी घालून पाहावे. काही मॉडेल आतला तीन व्होल्टचा बटणसेल उतरला तरी अडून बसतात.

काही गोष्टी मी आधीच सांगायला हव्या होत्या. रॅमला हात लावण्यापूर्वी आतल्या बॅटरीची जोडणी सोडवावी. टचपॅड वर उचलला गेला असेल तर बॅटरी फुगली आहे. ती दाबू नये, टोचू नये आणि यंत्र चार्जिंगला लावू नये. वॉरंटी शिल्लक असेल तर झाकण उघडूच नये. बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डाखलेली असते, तेथे खोडरबराचा काही उपयोग नाही. बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या माहितीला लावलेले विंडोजचे कुलूप, चालू असेल तर अशा खटाटोपानंतर 48 आकडी किल्ली मागितली जाऊ शकते, तेव्हा ती आधी शोधून ठेवावी. आणि लॅपटॉपवर चहा सांडला असेल तर दुकानदाराचे म्हणणे खरे असण्याची शक्यता बरीच आहे. माझ्या भाच्याच्या बाबतीत ते खरेच ठरले, आणि त्या वेळी साडूंचेही खरे ठरले, हे प्रामाणिकपणे सांगतो.

नवा घ्यावा का, याचे उत्तर मी इतक्यात देणार नाही. दुकानदाराने दुसरी रॅम लावून पाहिली होती का, एवढे त्याला विचारावे, आणि आपल्या लॅपटॉपचा दिवा किती वेळा व कोणत्या रंगात लुकलुकतो ते मॉडेलच्या क्रमांकासह येथे लिहावे.