माळ आधी की दवाखाना?

प्रश्न : आक्का, माझा मुलगा (वय २६) चोर्ल्यावरून गोव्याला टेम्पो नेतो. तिकडची स्वस्त दारू लागली. आता सकाळी घोट घेतल्याशिवाय चहाचा कप धरवत नाही. शेजारचे बुवा म्हणतात, माळ घाला, आषाढीला न्या, सुटेल. बेळगावच्या एका चर्चचे लोक घरी प्रार्थना करून गेले, आपल्या केंद्रात फुकट ठेवतो म्हणाले. त्यावरून आमचे हे भडकलेत. काय करू?
— एक आई, खानापूर तालुका

उत्तर : वहिनी, बुवा आणि पास्टर, दोघांनाही आठवडाभर थांबवा. सकाळी हात थरथरणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, जीवही जातो. देवाची शपथ घालून घरात कोंडलेली पोरं पहाटे रिक्षातून आणलेली मी नर्स असताना पाहिलीत. आधी सरकारी दवाखान्यात नाहीतर धारवाडच्या डिमहान्स या सरकारी मनोरुग्णालयात दाखवा. १४४१६ या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनवर चोवीस तास फुकट बोलता येतं.

मग देव. ह्यांना सांगा, १९३५ साली अमेरिकेत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचं मंडळ, सुरू केलं ते एका शेअर दलालानं आणि एका सर्जननं. दोघेही पिणारे, आणि सुरुवातीच्या बैठका ख्रिस्ती मंडळींतच. पण त्यांच्या दारू सोडण्याच्या पायऱ्यांत देव ज्याला जसा कळेल तसा. तेव्हा चर्च म्हणून नको म्हणू नका. विचारा मात्र सगळं : डॉक्टर येतो का, गोळ्या चालू ठेवतात का, आईला भेटू देतात का, बाप्तिस्म्याची अट आहे का? साखळीनं बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी आहे, हेही ध्यानात असू द्या.

माळ माझ्याही गळ्यात आहे. तिचा खरा उपयोग संध्याकाळी सातला. गुत्त्याच्या वेळेला हरिपाठ असतो, आणि पोरगा दिसला नाही तर टाळकरी घरी येऊन हाक मारतात. घोळ होतो तो पाय घसरल्यावर. पोरगं लाजेनं माळ काढून कोनाड्यात ठेवतं आणि देवळाची गल्लीच टाळतं. पुन्हा प्यायला लागणं या दुखण्यात नेहमीचं आहे, बुवांना हे कोण सांगणार! म्हणून आत्ताच विचारा, ‘उद्या हा पिऊन पडला, तर परवा पंगतीत घ्याल का?’ पास्टरनाही हेच. जो आढेवेढे न घेता हो म्हणेल, त्याच्याकडे पाठवा.

आणि टेम्पोवाल्या शेठना गाठून गोव्याची लाईन तेवढी बदलून घ्या. हुबळीची भाडी मिळतात की.