स्वाइप मशिनला कार्डावरचं नेमकं काय दिसतं?

कॉलेज रोडच्या दुकानात कार्ड मशिनमध्ये घातलं, पावतीवर तुमचं नाव छापून आलं आणि पुढे त्याच दुकानाचा ऑफरचा मेसेजही आला. म्हणून मशिनने शिल्लक, मोबाइल नंबर, पिन सगळंच वाचलं असेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही वाचलेलं. नाशिकमध्ये दुकानादुकानांत ही मशिनं बसवून द्यायचं काम मी करतो आणि हा प्रश्न मला सारखा विचारला जातो.

चिपमधून मशिनला मिळतं ते असं: कार्डाचा नंबर, मुदत कधी संपते, कार्ड रुपे आहे की व्हिसा, कोणत्या देशात दिलंय, आणि बऱ्याच कार्डांवर तुमचं नाव. नुसतं टेकवलं तर नाव बहुतेक वेळा जातही नाही. मोबाइल नंबर आणि पत्ता चिपमध्ये नसतातच. तो मेसेज आला कारण बिल करताना काउंटरवर तुम्ही नंबर सांगितला असणार.

शिल्लक बँकेकडे असते. बँक मशिनला 'मंजूर' किंवा 'नामंजूर' एवढंच कळवते. पैसे कमी पडले तर तसं पावतीवर येऊ शकतं, पण खात्यात किती आहेत ते येत नाही. अपवाद पुण्याच्या मेट्रोत चालतं तसल्या एनसीएमसी (नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड) कार्डाचा. त्यात प्रवासासाठी भरलेली छोटी रक्कम चिपवरच असते, म्हणून गेटवरचं मशिन ती वाचतं. पिन मशिनच्या आतच एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे कुणाला वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात, पुढे जातो. दुकानदाराला फक्त चांदण्या दिसतात.

चिपची खरी ताकद वेगळीच आहे. तिच्या आत एक गुप्त किल्ली असते, ती कधीच बाहेर येत नाही. तिच्या आधारे दर व्यवहाराला नवा कोड तयार होतो, त्यामुळे आजचा कोड चोरला तरी उद्या चालत नाही. मागच्या काळ्या पट्टीत मात्र दर वेळी तीच माहिती असते, म्हणून पट्टीची नक्कल करता येत होती. रिझर्व्ह बँकेने 2018 अखेरपर्यंत जुनी कार्डं बदलून चिपची द्यायला लावली ती याचसाठी.

मला काळजी वाटते ती मशिनची नाही, कार्ड दुसऱ्याच्या हातात देण्याची. मागे छापलेला तीन आकडी सीव्हीव्ही चिपमध्येही नसतो आणि पट्टीतही नसतो, तो माणसाच्या डोळ्यांनीच वाचला जातो. हॉटेलात आपण बिलाच्या फोल्डरमध्ये कार्ड ठेवून वेटरकडे देतो आणि वर पिनही सांगतो, हे कृपा करून बंद करा. मशिन टेबलापाशी मागवा, नाहीतर उठून काउंटरवर जा. आपल्याकडच्या साइट ओटीपी मागतात, परदेशातल्या कित्येक मागत नाहीत. तिथे नंबर, मुदत आणि ते तीन आकडे पुरतात.

म्हणून आजच बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद आहेत ना ते बघा. टेकवून पैसे देण्याची मर्यादाही तिथेच कमी करता येते. 1 जानेवारी 2021 पासून पिनशिवाय एका वेळी 5,000 रुपयांपर्यंत जाऊ शकतात. आईवडिलांच्या कार्डावर मी ती सोय बंदच ठेवली आहे.