बऱ्याच वर्षांनी पर्यटक म्हणून भारतात गेल्यावर घर आणि श्रद्धा दोन्ही परकी वाटतात का?

तुम्ही लिहिलंय की अर्धं आयुष्य परदेशात गेलं, आता मुलांना घेऊन सुट्टीपुरतं भारतात जाताय, आणि धास्ती अशी की तिथलं घरही आपलं राहिलं नसेल आणि लहानपणचा देवही. माझ्यापुरतं सांगतो. घर परकं झालंय. देवाच्या बाबतीत मात्र भलतंच घडलं.

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. आमच्या पूर्वजांचं तारू अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं आणि त्यातून सात जोडपी वाचली, असं आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पुढे ही मंडळी गावोगाव पसरली, घाण्यावर तेल गाळू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावंही गावांवरूनच पडली: पेणकर, किहीमकर, झिराडकर, रोहेकर. 1948 नंतर बहुतेक घरं हळूहळू इस्रायलला गेली. आमचं बिऱ्हाड सत्तरच्या दशकात हललं, तेव्हा मी शाळेत होतो. आता अशदोदला राहतो. बायकोशी मराठीत भांडतो, नातवंडांना हिब्रूत रागावतो.

घराचं आधी उरकून टाकतो. भायखळ्याला आम्ही राहायचो ती चाळ गेली, तिथे टॉवर उभा आहे. वॉचमनने नाव विचारलं, कोणाकडे जायचंय विचारलं. दोन्हीपैकी एकाचंच उत्तर माझ्याकडे होतं. हॉटेलात परदेशी माणसाचा फॉर्म भरावा लागतो. काउंटरवरचा मुलगा माझा पासपोर्ट उलटसुलट करून बघत राहिला. देश इस्रायल, आडनावाच्या शेवटी 'कर', आणि माणूस विचारतोय की नाश्त्याला कांदेपोहे आहेत का. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं मला काही दिसलं नाही. आपण गेलो, जागा दुसऱ्यांनी घेतली. मुंबईत ती कोणीतरी घेणारच.

श्रद्धेचं मात्र नीट सांगायला हवं. इस्रायलमध्ये शुक्रवारी दुपार कलली की बहुतेक बस थांबतात, दुकानांची शटर खाली येतात. शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारी रात्र पडेपर्यंतचा आमचा विसाव्याचा दिवस, तिथे सरकारच पाळतं, मला काही करावं लागत नाही. म्हणून मी काही केलंच नाही. झोप काढणं आणि मॅच बघणं हाच माझा शब्बाथ. वडिलांचं मुंबईत तसं नव्हतं. ऑफिस शनिवारी चालू, सुट्टी मागायची तर पगार कापून. घरी शुक्रवारी संध्याकाळी काचेच्या पेल्यात तेल घालून वात पेटवायची, आणि शेजारची काकू त्या वेळेला आमच्याकडे काही मागायला यायची नाही, कारण तिला ठाऊक असायचं. सणांना आमच्या लोकांनी मराठी नावंच दिली होती: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण. मटणाच्या जेवणावर दुधाचं चालत नाही, म्हणून गोडाला नारळाच्या दुधातला चिकाचा हलवा.

आमचा देव खरा की खोटा, आम्ही अस्सल की नक्कल, असं रेवदंड्यात किंवा पेणला कोणी विचारलं नाही. ते विचारलं इस्रायलमध्ये. 1962 साली तिथल्या मुख्य रब्बी मंडळाने, म्हणजे धर्मगुरूंच्या मंडळाने, हुकूम काढला की बेने इस्रायल माणसाचं लग्न इतर ज्यूंशी लावण्याआधी त्याच्या पिढ्या तपासा. आमची माणसं रस्त्यावर उतरली, धरणं धरलं, आणि 1964 मध्ये तो हुकूम मागे घ्यावा लागला. आम्ही पोहोचलो तेव्हा ते संपलेलं होतं, पण थोरल्यांच्या बोलण्यात शिल्लक होतं. माझा धर्मातला रस त्या बोलण्यानेच आटला असणार.

तर झालं असं. अलिबागच्या बाजूला एका सिनॅगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात, आम्ही शुक्रवारी संध्याकाळी नुसतं बघायला म्हणून गेलो. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर उन्हाची टोपी, पक्का पर्यटक. आमच्या सार्वजनिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. दहा झाले नाहीत तर मेलेल्या माणसासाठी म्हणायचा कद्दीश म्हणता येत नाही. भारतभरात आता ज्यू पाच हजारांच्या आत उरलेत, त्यात गावातले किती? त्या दिवशी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या बायकोची पुण्यतिथी होती आणि नऊ जण बसून होते. कोणीतरी पेणला फोन लावत होतं. मी दारात दिसल्याबरोबर एक जण उठून म्हणाला, "या, या, कॅमेरा ठेवा तिकडे." नाव, गाव, कुठले कोणाचे, सगळं नंतर. मला हिब्रू रोजची, त्यामुळे वाचायला अडचण नव्हती, पण आजोबांच्या चालीवर उत्तरं द्यायची ती चाल घशातून आपोआप आली. अशदोदमध्ये मी नसलो तर कोणाच्या लक्षातही येत नाही. इथे माझ्यावाचून त्या माणसाचा कद्दीश अडला होता.

दुसऱ्या दिवशी, शब्बाथ उतरल्यावर, त्यांनीच मलिद्याला बोलावलं. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं, आणि एलियाहू हनाबी या आमच्या प्रेषिताचं नाव. अलिबागजवळच्या खंडाळे गावात एक कातळ आहे, त्याला एलियाहू हनाबीचा टापा म्हणतात. त्याच्या रथाच्या चाकांच्या खुणा त्यावर उमटल्यात अशी समजूत. तिथे नवस बोलतात, फेडतात. माझ्या मुलाच्या मते हे ज्यू धर्मात बसत नाही, शेजाऱ्यांकडून उचललेलं आहे. असेल. इस्रायलला गेलेली आमचीच माणसं हैफाला कार्मेल डोंगरावर एलियाहूच्या गुहेत जाऊन मलिदा करतात, तेव्हा तो गप्प बसून दोन वाट्या खातो.

तुम्ही कोणत्या देवाचे ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण जाताना जागा बघायच्या यादीपेक्षा तारखा बघा. तुमच्या गावच्या जत्रेला, पालखीला, उरुसाला, फेस्ताला, जे काय असेल त्याला खांद्यांची, हातांची किंवा आवाजांची कमतरता असते, कारण तरुण मंडळी पुण्या-मुंबईला असतात. त्या दिवसांत तिथे राहा आणि काम मागा. मुलांना सतरंज्या घालायला लावा. वाडा विकला, भिंत पडली, चुलत्याने परस्पर काय केलं, हे विषय त्या चार दिवसांत काढू नका.

आणि आमच्याकडची सिनॅगॉगं बघायची असतील तर पासपोर्ट किंवा ओळखपत्र बरोबर असू द्या. 2008 च्या हल्ल्यानंतर मुंबईत बहुतेक ठिकाणी पोलीस असतात आणि ते विचारतात. अलिबागला इस्रायल आळीतलं मागेन अबोथ 1848 चं, 1910 मध्ये पुन्हा बांधलेलं. मुंबईतलं मांडवीचं शार हाराहमीम 1796 चं, सगळ्यांत जुनं. अलिबागला गेटवेवरून मांडव्याच्या लाँचने जा, पण पावसाळ्यात त्या बंद असतात, तेव्हा पेणवरून रस्त्याने.